मागच्या रांगेतून पुढे: नाचणाऱ्याने नाच बसवायला आणि नाटक उभं करायला कसं शिकावं

कोकणात नाचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. शिमग्यात नमन-खेळे, गणपतीत जाखडी, भातं घरात आली की सिंधुदुर्गात दशावतार, आणि रत्नागिरीत संगीत नाटकाचा कान असलेला प्रेक्षक. वाण आहे ती नाच बसवणाऱ्यांची. वाडीतला चांगला नाचणारा पंधरा वर्षं नाचतो, गुडघा धरला की बाजूला होतो, आणि पुढच्या वर्षी मंडळ मोबाइलवरच्या कुठल्या तरी नाचाची नक्कल उचलतं. त्या पंधरा वर्षांत त्याच्या अंगात साठलेलं सगळं तिथेच संपतं.

नाचणारा नाच बसवणारा होऊ शकतो, आणि नाच बसवणारा पुढे दिग्दर्शक. पण नुसतं वय वाढून ते होत नाही, कारण तिन्ही कामं वेगळी आहेत. नाचणारा आपलं शरीर सांभाळतो. बसवणारा दहा जणांची शरीरं, जागा आणि ताल सांभाळतो. प्रेक्षकाने कोणत्या क्षणी कुठे बघायचं, हे दिग्दर्शक ठरवतो. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, या वाटेच्या पायऱ्यांना नावं आहेत: समूहातला नर्तक, मग ‘स्विंग’ म्हणजे अनेकांच्या जागा पाठ असलेला आणि कोणी गैरहजर असला की उभा राहणारा, मग ‘डान्स कॅप्टन’ म्हणजे प्रयोग सुरू झाल्यावर नाच जसाच्या तसा टिकवणारा, मग सहायक, आणि त्यानंतर नृत्यदिग्दर्शक. बॉब फॉसी हा तिथला नर्तक १९५४ साली ब्रॉडवेच्या नाटकाचा नृत्यदिग्दर्शक झाला आणि १९५९ साली दिग्दर्शकही. आपल्या मंडळांत या पायऱ्यांना नावं नाहीत, पण कामं तीच आहेत. ती मंडळाकडे मागून घ्यायची.

रांगेत असतानाच करायचं काम

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक गाण्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर गाण्याचे शब्द, प्रत्येक ओळीखाली मात्रा. उजव्या पानावर मंचाचा चौकोन आणि त्यात माणसांचे आकडे. नावं लिहू नका, आकडेच लिहा. माणसं बदलतात, जागा राहते. ओळ बदलली आणि माणसं हलली की नवा चौकोन. तीन मिनिटांच्या गवळणीला साधारण दहा-बारा चौकोन होतात.

मग रोज एक आकडा पाठ करायचा. आज तुम्ही ४ असाल तर उद्या ५ ची जागा, परवा ६ ची. पाठ झाली हे कसं ओळखायचं? डोळे मिटून तोंडाने सांगता आलं पाहिजे: दुसऱ्या ध्रुपदाला ६ नंबर कुठून निघतो, कोणाच्या पुढून जातो, कोणत्या मात्रेला थांबतो. ‘कोणाच्या पुढून’ हे सांगता येत नसेल तर पाठ झालेलं नाही. टकरी होतात त्या तिथेच.

जागा मोजण्यासाठी मंचाच्या पुढच्या कडेला मध्यावर शून्य लिहा आणि दोन्ही बाजूंना दर २ फुटांवर २, ४, ६, ८ अशा खुणा करा. ब्रॉडवेवरही पुढच्या कडेला असेच आकडे असतात. मंडपात खडू चालतो, पण शिमग्याच्या रात्री दव पडलं की खडू पुसतो, म्हणून कापडी चिकटपट्टी बरी. प्लॅस्टिकची पट्टी ओल्या पायाखाली सटकते.

आकडेमोडीला कंटाळू नका, सगळं त्यावर आहे. समजा, मंच २० फूट रुंद आणि १५ फूट खोल आहे. मागे मृदंग, टाळ आणि गाणारे उभे राहिले की ५ फूट खोली गेली, उरली १०. दोन्ही कडांना २-२ फूट मोकळे सोडले तर नाचायला रुंदी १६ फूट. हात पूर्ण पसरून फिरणाऱ्या माणसाला ५ फूट लागतात. म्हणजे एका रांगेत तीनच माणसं मोकळी नाचतील, चौथा आला की हात कोपरात वाकवावे लागतील. आठ जण एका रांगेत उभे केले की हात एकमेकांना लागतात, मग प्रत्येक जण नकळत हात आखडतो, आणि समोरून सगळा नाच मरगळलेला दिसतो. अशा वेळी मंडळात ‘जोर लावा’ म्हणून ओरडा होतो. चूक जोराची नसते, फुटांची असते. चार पुढे, चार मागे, मागचे पुढच्यांच्या फटीत, दोन रांगांत किमान ४ फूट अंतर. खाली बसायची किंवा गिरकीची चाल असेल तर ५.

जाखडी वर्तुळात नाचतात, तिचं गणित याहून अवघड. दहा नाचणाऱ्यांना प्रत्येकी ३ फूट धरले तर वर्तुळाचा घेर ३० फूट, म्हणजे व्यास साडेनऊ फुटांच्या आसपास. पाय आणि हात बाहेर फेकायला दोन्ही अंगांना २-२ फूट धरले की साडेतेरा. अंगणात काहीच अडचण नाही. १५ फूट खोल मंचावर मात्र पुढचा गडी कडेवर नाचत असतो आणि मध्ये बसलेला शाहीर प्रेक्षकांना दिसत नाही. नाट्यगृहात जाखडी न्यायची तर वर्तुळ समोरून उघडावं, चंद्रकोर करावी, गाणारे एका बाजूला घ्यावेत आणि पूर्ण वर्तुळ फक्त चढत्या लयीच्या शेवटच्या आवर्तनांना मिटवावं. आधीपासून मिटलेलं असेल तर मिटण्याचा परिणाम कुठून येणार?

ताल मोजताना होणारी चूक

शहरातून नाच शिकून आलेली मुलं सगळं आठ-आठमध्ये मोजतात. केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, तिथे हे जमतं. दादरा सहा मात्रांचा, ३ आणि ३. दादऱ्याची चार आवर्तनं म्हणजे २४ मात्रा, आणि आठाचे तीन गट म्हणजेही २४. म्हणून शेवटी पाय बरोबर पडतो आणि मोजणाऱ्याला वाटतं, जमलं. मधली सगळी समेवरची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरची ठोक मात्र चुकलेली असते. मृदंगवाल्याच्या चेहऱ्यावर ते आधी दिसतं. त्याचं तोंड बघत जा. दादरा असेल तर सहात मोजा, आणि तोंडाने बोल म्हणतच पाय टाका.

लयही आधी ठरवायची. मोबाइलवर मेट्रोनोमचं ॲप असतं. मिनिटाला १२० मात्रा असतील तर केहरव्याचं एक आवर्तन ४ सेकंदांचं. १६० झाल्या की ३ सेकंदांचं. चार सेकंदांत गिरकी घेऊन खाली बसता येतं, तीनमध्ये बसणं अर्धवट राहतं आणि गुडघा जमिनीवर आपटतो. जिवंत वाद्यांवर लय उत्साहात वाढतेच, ते या नाचाचं बळच आहे. म्हणून चढायचं किती हे मृदंगवाल्याशी बसून ठरवा आणि सर्वांत अवघड चाल त्या वरच्या लयीत आधी करून बघा. तिथे जमली नाही तर चाल बदला. लय धरून ठेवायला सांगू नका, प्रयोगात ती धरली जात नाही. पावसाळी तालमीत मृदंगाची पुडी म्हणजे कातडं सैल पडतं, आवाज बसतो. तेवढ्यापुरतं टाळ्यांवर किंवा टाळांवर काम काढावं.

पहिला नाच बसवताना

दोन मिनिटांची गवळण घ्या. आधी दहा वेळा नुसती ऐका, उठू नका. मग एका वाक्यात लिहा: कोणाला काय हवंय आणि शेवटी काय बदललं. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. आता हे शब्दांशिवाय दिसलं पाहिजे. पहिल्या ध्रुपदाला पाच जणी डोक्यावर मडकी घेऊन एका ओळीत, डावीकडून उजवीकडे. दुसऱ्याला कृष्ण आडवा येतो, ओळ मोडते, पाचही जणी पाच दिशांना. तिसऱ्याला त्याच पाच जणी वळून कृष्णाभोवती वर्तुळ धरतात. आता अडकला तो. पाऊल तेच आहे, हातही तेच. बदलली ती फक्त माणसांची मांडणी, आणि गोष्ट पुढे गेली. नाच बसवण्याचं मर्म हे आहे. ज्याला हे एकदा हाताने करता आलं, त्याला पुढे दिग्दर्शन जमेल.

नवख्या माणसाची हमखास चूक म्हणजे दोन मिनिटांत वीस चाली. चार पुरतात. दिशा बदला, बसून करा, अर्ध्यांनी करा, मागून पुढे लाट जाऊ द्या. दर ध्रुपदाला एकच नवी गोष्ट.

शिकवताना त्यांच्याकडे पाठ फिरवून उभे राहा, म्हणजे तुमचा उजवा तो त्यांचा उजवा. चार आवर्तनांचा तुकडा घ्या. आधी फक्त पाय, तोंडी बोलांवर. मग हात. मग नजर. त्यानंतर मृदंग, आणि सर्वांत शेवटी गाणं. गाणं आधी लावलं की सगळे शब्दांवर नाचायला लागतात आणि गायकाने एखादी ओळ जास्त घोळवली की रांग कोसळते. तुकडा बसला की पुढची रांग मागे आणि मागची पुढे करा. पुढच्याकडे बघून नाचणारे लगेच उघडे पडतात.

दोन तासांची तालीम अशी लागते: १५ मिनिटं अंग मोकळं करायला, २० कालचं घोटायला, ४५ नव्याला, १० विश्रांती, २५ सलग जोडून, ५ सूचनांना. नवं शेवटच्या अर्ध्या तासात शिकवू नका. दमलेलं शरीर चुकीचं शिकतं आणि ते पुसायला तीन तालमी जातात.

आपल्याकडचं वेळापत्रक मात्र पंचांगावर आणि शेतावर चालतं. भातलावणीत कोणी येत नाही, कापणीत येत नाही. निम्मा संच मुंबईला, तो गणपतीला आणि शिमग्याला सुट्टी टाकून येतो. म्हणजे अर्धा नाच मुंबईत बसणार, अर्धा वाडीत, आणि दोघे एकत्र येणार ते प्रयोगाच्या दोन दिवस आधी. हे जमवायचा मार्ग व्हिडिओ, पण नीट काढलेला. पुढच्या कॅमेऱ्याने काढू नका, कित्येक फोनवर चित्र उलटं साठतं, डावं ते उजवं होतं. खात्री करायची सोपी खूण: बनियनवरची किंवा टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसतात का बघा. नाचणाऱ्याच्या पाठीमागून, फोन खांद्याच्या उंचीवर, सगळी रांग आणि पाय चौकटीत येतील इतक्या अंतरावरून काढा. एक व्हिडिओ मोजत संथ, दुसरा पूर्ण लयीत. व्हिडिओ कॉलवर ताल देऊ नका, आवाज उशिरा पोहोचतो आणि दोन्हीकडे वेगळीच सम तयार होते. वहीतला आकड्यांचा चौकोन सोबत पाठवा. मुंबईचे १ ते ५, वाडीतले ६ ते १० असं वाटून घेतलं आणि दोन्हीकडे रिकाम्या जागांवर पाण्याच्या बाटल्या ठेवून तालीम केली, तर शेवटच्या दोन दिवसांत फक्त बाटल्या उचलायच्या राहतात.

पाय, जमीन, चाळ

बसवणाऱ्यावर दहा जणांच्या पायांची जबाबदारी असते, आणि ती फार हलक्यात घेतली जाते. सारवलेलं अंगण पायाला मऊ, पण ओलं झालं की निसरडं. लादी आणि सिमेंट उडी परतवून देतात. त्यावर आठवडाभर उड्यांची तालीम घेतली तर नडगी दुखायला लागते. तिथे पायाचा पंजा आधी टेकवून टाच हलकेच ठेवायला शिकवा आणि पूर्ण ताकदीच्या उड्या दोन-तीन फेऱ्यांवर ठेवा. फळ्यांच्या मंचावर प्रयोगाआधी हातोडी घेऊन स्वतः फिरा. वर आलेले खिळे ठोका, दोन फळ्यांमधला सांधा जिथे हलतो तिथे खुणेची फुली करा आणि ती जागा कोणाच्याही उडीत येणार नाही असं बघा. दव पडलं की गोणपाटाने पुसून घ्यावं, प्रत्येक गाण्याआधी.

चाळ पहिल्या तालमीपासून पायात असावी. वजनाने पाऊल उशिरा उचललं जातं. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा बांधली तर संबंध रांग मात्रेच्या मागे पडते. नऊवारीचा काष्टा आणि धोतर घालून निदान दोन पूर्ण तालमी व्हाव्यात. काठ चाळेत अडकतो तो खाली बसून उठताना, तेव्हा काठ पोटरीपर्यंत वर घेऊन टाका घाला. पाय मुरगळला तर चोळायचा नाही. विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि पाय उंच. सूज जास्त असेल किंवा पायावर वजन देता येत नसेल तर डॉक्टरकडे.

नाचाकडून नाटकाकडे

नाच बसवणाऱ्याला दिग्दर्शनात तीन गोष्टी कमी पडतात: संवाद, न नाचणारी माणसं, आणि प्रवेशांमधले सांधे. त्या शिकायला एखाद्या नाटकाचं प्रॉम्प्टिंग, म्हणजे नटाला विसरलेलं वाक्य पुरवण्याचं काम, अंगावर घ्या. चार महिने वही हातात धरून बसलात की नट वाक्य का विसरतो हे कळतं. बहुतेक वेळा तो वाक्य विसरत नाही, हालचाल विसरतो, आणि वाक्य तिच्यामागे जातं. मग एका प्रयोगाला प्रकाशाची बाजू सांभाळा. समोरून मारलेले दोन हॅलोजन शरीर चपटं करतात. तेच दोन्ही बाजूंना ८-१० फूट उंचीवर तिरके लावले की हाताची, मांडीची गोलाई दिसते आणि तुमचा अर्धा नाच सुधारतो.

संगीत नाटकात सर्वांत कठीण जागा म्हणजे बोलणं संपून पद सुरू होतं तो सांधा. संवाद थांबतो, सगळे आपापल्या जागा घेतात, पेटी सूर देते, गाणं सुरू होतं: हे इतकं दिसतं की प्रेक्षक नाटकातून बाहेर येतो. उपाय असा की पेटीचा सूर पदाआधीच्या शेवटच्या दोन वाक्यांच्या खाली सुरू करावा आणि जागेवर जाणं त्याच वाक्यांत संपवावं. पहिला शब्द येईल तेव्हा शरीर आधीच गाण्यात असलं पाहिजे. दुसरं, गाणाऱ्याला श्वास ठेवा. वरच्या सुराआधी २० सेकंद त्याला पळवलं तर सूर जाणारच. गाणाऱ्याला स्थिर ठेवून भोवतालच्यांना हलवा. रत्नागिरीचा प्रेक्षक नाट्यपद ऐकायला आलेला असतो, त्याच्या कानाआड नाच येता कामा नये.

न नाचणाऱ्या माणसांना चाली देऊ नका, काम द्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ती ओढायला दोन दोर, दोन्हीकडे सहा-सहा जण, मागे सरत एकाच दमात ओढणारे. टाचा वाळूत रोवल्या जातात, अंग मागे कलतं, शेवटचा माणूस दोर सोडून धावत पुढे येऊन पुन्हा पकडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. त्याला केहरव्यावर ठेवलं की तुमच्यापुढे बारा माणसांचा समूह उभा आहे, आणि त्यात एकही खोटी हालचाल नाही. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कृष्णदेव मुळगुंद यांचं नृत्यदिग्दर्शन होतं, त्यातली माणसांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी गाणारा समूह. खेळ्यांच्या रांगेत वाढलेल्या माणसाने ते नीट अभ्यासावं, कारण ती भाषा त्याला आधीच येते.

दशावतारात दिग्दर्शन करायला गेलात तर सगळं बांधू नका. तिथे संवाद नटाच्या तोंडचे, आयत्या वेळचे असतात आणि त्यातच गंमत आहे. प्रवेशाची चाल, युद्धनृत्य आणि एक्झिट एवढंच पक्कं करा. पखवाजवाला नटाच्या पायाकडे बघून वाजवतो, तेव्हा पखवाज आणि पाय यांच्या मध्ये कोणालाही उभं करू नका.

पहिलं दिग्दर्शन ३०-४० मिनिटांच्या एकांकिकेचं असावं, गाणी दोन किंवा तीन. मग राज्य नाट्य स्पर्धेचा विचार. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, लेखकाची लेखी परवानगी लागते आणि ध्वनिमुद्रित गाणी वापरायची तर त्यांचा परवाना. स्वतःच्या कामाचीही काळजी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ही ‘नाट्यकृती’ या व्याख्येत येते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते. म्हणून ती वही आणि तारखेचा पूर्ण व्हिडिओ जपून ठेवा. मंडळ नात्यातलं असलं तरी मानधन, प्रवासखर्च, तालमींची संख्या, माणूस बदलला तर पुन्हा शिकवण्याचे दिवस आणि फलकावरचं नाव हे एका कागदावर लिहून घ्यावं. त्याने नातं बिघडत नाही, उलट वाचतं.

शिक्षणाचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक-भरतनाट्यमच्या परीक्षा गावात राहून देता येतात, आणि त्यांतून ताल लिहिण्याची शिस्त लागते. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, पुण्याचं ललित कला केंद्र, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय या पुढच्या वाटा. आधी दोन-तीन नाच बसवून जा. काय येत नाही हे माहीत असलेल्याला तिथे दुप्पट मिळतं.

पहिल्या प्रयोगाला विंगेत उभे राहू नका, शेवटच्या रांगेत बसा. मागून पाय दिसत नसतील तर पुढच्या प्रयोगाआधी खाली बसायच्या चाली वर घ्याव्या लागतील. प्रेक्षक खोकतात, चुळबुळतात ती वेळ घड्याळात बघून लिहा. तिथे काहीतरी लांबलं आहे. पाच-सहा प्रयोगांनंतर लय वाढलेली असते, हात खाली आलेले असतात, विनोदाच्या जागा ताणलेल्या असतात. तेव्हा एक तालीम फक्त वहीवरून, मूळ लयीत घ्यावी. आणि आदल्या रात्री मुंबईहून फोन येईल की ७ नंबरला सुट्टी मिळाली नाही. मागच्या रांगेतल्या ज्या मुलाने ७ ची जागा पाठ केली आहे त्याला उठवा, वहीचं ते पान उघडून द्या आणि रिकाम्या मंचावर एकदा चालवून घ्या, नुसतं चालत, तोंडाने मोजत.